एका तारेवर पुल-ऑफ पळतो, तार बदलली की सगळं विस्कटतं

पिकहरवला

नमस्कार मंडळी. इलेक्ट्रिक गिटारवर पेंटाटोनिकमधले (पाच स्वरांच्या स्केलमधले) पुल-ऑफवाले लिक, म्हणजे सुरांचे छोटे तुकडे, बसवतोय आणि एका जागी पार अडकलोय. पुल-ऑफ म्हणजे वरच्या फ्रेटवरचं बोट तार ओढत सोडायचं आणि खालच्या फ्रेटवरची नोट पिक न मारता काढायची. एकाच तारेवर ८-५, ८-५ (आकडे फ्रेटचे) असं कितीही वेळ सांगा, मस्त पळतं. पण तेच ए मायनर पेंटाटोनिकच्या पाचव्या फ्रेटच्या बॉक्समध्ये (हात एका जागी ठेवून वाजवायच्या नमुन्यात) पातळ तारेपासून जाड तारेकडे यायचं म्हटलं की बोंब. म्हणजे हे:

पहिली तार ८-५, दुसरी ८-५, तिसरी ७-५, चौथी ७-५, पाचवी ७-५, सहावी ८-५

प्रत्येक तारेवर पहिली नोट पिकने, दुसरी पुल-ऑफने. ८० बीपीएमला (मिनिटाला ८० बीट) एका बीटमध्ये चार नोट या हिशोबाने ठीक वाटतं, ११० च्या आसपास गेलं की पुल-ऑफची नोट ऐकूच येत नाही किंवा नुसती टिक वाजते, वर गेन (अँपवरचं डिस्टॉर्शन) चालू असला की आधीच्या तारा मागे गुणगुणत बसतात आणि सगळ्याचा चिखल होतो. शिवाय मी पळतो, म्हणजे मेट्रोनोमच्या आधीच खाली पोचलेला असतो.

बोटांत ताकद कमी आहे का? ते स्प्रिंगवालं हात दाबायचं यंत्र घेऊ का? की तारा आणखी पातळ टाकू? आणि पिक सगळीकडे खालीच मारायचा की खाली-वर? जाणकारांनी सांगा प्लीज.

सहावी_तार

यंत्र बिंत्र काही घेऊ नकोस. एका तारेवर तुझा पुल-ऑफ नीट वाजतोय म्हणजे ताकद आहेच, ती दुसऱ्या तारेवर गेल्यावर कमी कशी होईल?

गडबड कुठे होते ते बघ. पुल-ऑफ वाजायला खालची नोट, म्हणजे पाचव्या फ्रेटवरची तर्जनी, करंगळी सुटायच्या आधीच तारेवर घट्ट बसलेली पाहिजे. एका तारेवर वाजवताना ती कायम तिथेच असते त्यामुळे तुला त्याचा विचारच करावा लागत नाही. तार बदलली की मात्र करंगळी आणि तर्जनी दोघींना नव्या तारेवर एकाच वेळी उतरायला लागतं. बहुतेकांची करंगळी आधी पडते, कारण कान तिच्याकडे लागलेला असतो, आणि तर्जनी मागून धावत येते. हळू वाजवताना तेवढ्यात ती पोचते म्हणून ८० ला कळत नाही. ११० ला तिला वेळ मिळत नाही, मग करंगळी सुटते तेव्हा खाली अर्धवट दाबलेली तार असते आणि तुझी ती टिक वाजते.

त्यात पातळकडून जाडकडे जाणं हे मुळातच उलट्या दिशेचं काम आहे. पुल-ऑफ करताना बोट जमिनीकडे ओढलं जातं, बरोबर? आणि पुढची तार आहे छताकडे. म्हणजे जितकं जोरात ओढशील तितकी करंगळी पुढच्या तारेपासून लांब जाऊन पडणार आणि तितकं अंतर परत यावं लागणार. जाडकडून पातळकडे येताना हेच ओढणं तुला पुढच्या तारेकडेच नेतं, म्हणून तो प्रकार बऱ्याच जणांना सोपा जातो, करून बघ. तेव्हा ओढ छोटी कर. बोटाच्या टोकाने तार जराशी अडकवून सोडायची, शेजारच्या तारेला हलकं टेकून बोट थांबलं तर उत्तमच, त्याहून पुढे जायचं काही काम नाही.

सराव म्हणून पूर्ण लिक बंद कर. फक्त तीन नोट घे, पहिली तार ८, ५ आणि दुसरी तार ८. तिसऱ्या नोटवर थांब आणि हात न हलवता बघ तर्जनी दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर दाबलेली आहे का. नसेल तर वेग विसर. असेल तर मग तेवढ्याच तीन नोट एकदम झपकन वाजव, थांब, परत. हळूहळू वाढवत नेण्यापेक्षा असा छोटा तुकडा थेट हव्या त्या वेगात वाजवून बघितला की हाताला खरी हालचाल कळते, कारण हळू वाजवताना आपण जी हालचाल करतो ती बरेचदा वेगात चालणारीच नसते.

गेनजास्त

एवढं काय डोकं लावताय, गेन थोडा वाढव, पुढे कंप्रेसर (बारीक-मोठे आवाज सारखे करणारा इफेक्ट) लाव, नेक पिकअपवर (मानेजवळच्या) जा. पुल-ऑफ आपोआप मोठा ऐकू येतो. निम्मे लोक स्टेजवर हेच करतात.

सहावी_तार

@गेनजास्त त्याची अर्धी तक्रारच गेन लावल्यावर तारा गुणगुणतात ही आहे. कंप्रेसरने पुल-ऑफ मोठा होईल तसा कचराही मोठा होईल ना.

आवाजाचं आधी सांगायचं राहिलं. दोन बाजू आहेत. तू ज्या तारेवर आहेस तिच्यापेक्षा जाड तारा उजव्या हाताच्या तळव्याच्या कडेने झाकायच्या, ब्रिजजवळ (तारा बॉडीवर टेकतात तिथे), हात जसा जाड तारांकडे जाईल तसा तळवा मागे सरकत जातो. पातळ तारा मात्र तळव्याने झाकता येत नाहीत, त्या तर्जनीच्या पोटाने झाकायच्या. म्हणजे तर्जनी अगदी टोकावर उभी करायची नाही, थोडी आडवी, टोक दाबतंय आणि पोट पातळ तारांवर नुसतं टेकलंय. तुझ्या या लिकमध्ये हे जास्तच लागतं कारण करंगळी जमिनीकडे ओढली की ती नेमकी आधीच्या तारेला धडकते, आणि ती तार मोकळी असेल तर वाजणारच.

सराव क्लीनवर की गेनवर यावरून भांडणं होतात, मला विचाराल तर दोन्हीवर. क्लीनवर कळतं पुल-ऑफ खरंच वाजला का, गेनवर कळतं बाकीच्या तारा गप्प आहेत का. एकावरच केलं तर दुसरं आजारपण लपून राहतं.

लयवेडी

पळण्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. पुल-ऑफमध्ये दुसऱ्या नोटेची वेळ डावा हात ठरवतो, पिक नाही. बोटाला सुटायची घाई असते, त्यामुळे दोन नोट एकमेकींना चिकटतात आणि मग पुढच्या तारेआधी बारीकशी पोकळी पडते. ऐकायला ते टडाक, टडाक, टडाक असं लंगडत येतं. पूर्ण लिक पळतोय असं वाटतं पण पळत असते फक्त दर दुसरी नोट. मोबाइलवर रेकॉर्ड करून अर्ध्या वेगात ऐका, लगेच सापडेल.

उपाय म्हणजे वजन हलवून बघा. तुमच्या लिकमध्ये एकूण १२ नोट आहेत. बीटला चार धरल्या तर तीन मात्रांत संपतात आणि प्रत्येक मात्रा पिकच्या नोटेवर येते, म्हणून सोपं वाटतं. आता त्याच १२ नोट तिस्र जातीत वाजवा, बीटला तीन. चार मात्रा भरतात, पण आता पहिली मात्रा पिकवर, दुसरी पुल-ऑफवर, तिसरी पिकवर, चौथी पुल-ऑफवर. इथे भल्याभल्यांचा पाय घसरतो कारण मात्रेवरची नोट ठसठशीत हवी आणि ती तर नेमकी पिक न मारलेली. हे जमायला लागलं की पुल-ऑफ दबका राहूच शकत नाही, कानच सोडत नाही.

अजून एक, हा लिक गाण्यात वापरायचा असेल तर शेवट कुठे पडतो ते बघा. शेवटची नोट म्हणजे सहाव्या तारेचा पाचवा फ्रेट, ए, तुमचा षड्ज. बरोबर मात्रेवर सुरू केलंत तर तो ए तिसऱ्या मात्रेच्या शेपटाला जाऊन पडतो, अधांतरी. एक नोट उशिरा सुरू करा, म्हणजे पहिल्या मात्रेच्या दुसऱ्या चतुर्थांशावर, तर ए बरोबर चौथ्या मात्रेवर बसतो. पण मग गंमत अशी की वाटेतल्या सगळ्या मात्रा पुल-ऑफच्या नोटांवर येतात. त्यामुळे परत तेच, पुल-ऑफमध्ये वजन हवं.

आणि मेट्रोनोम प्रत्येक बीटला लावून बसू नका, अर्ध्यावर आणा, म्हणजे १०० ला वाजवायचं तर ५० ला लावून त्याचा टोला फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरा. पळालात की तिथल्या तिथे उघडे पडता.

पिकहरवला

बापरे, इतकं सगळं. @लयवेडी तिस्र करून बघितलं, चौथ्या मात्रेपर्यंत पोचतच नाही, दुसऱ्याच मात्रेला हात आपोआप पिक मारायला जातो 😅 पण टडाक टडाक अगदी बरोबर पकडलंत, रेकॉर्डिंगमध्ये तसंच आहे.

@सहावी_तार तीन नोटवालं केलं. करंगळी आणि तर्जनी एकत्र पाडायचं कळलं पण तर्जनी पाडायची कधी? ती तर पहिल्या तारेवर ५ वाजवत असते, ती उचलली की नोट तुटते, नाही उचलली तर उशीर होतो. करंगळीला निदान मधे मोकळा वेळ तरी आहे.

सहावी_तार

हा प्रश्न विचारलास म्हणजे बरोबर जागी आलास. तर्जनी उचलायचीच नाही, लोळवायची.

पहिल्या तारेवर ५ वाजताना तर्जनीचं टोक आधीच दुसऱ्या तारेवर, पाचव्या फ्रेटपाशीच, हलकं टेकलेलं ठेव आणि पहिली तार बोटाच्या पहिल्या पेराच्या पोटाने दाब. म्हणजे छोटासा बारच, दोन तारांपुरता. तार बदलायच्या क्षणी दाब पोटाकडून टोकाकडे ने. टोक दाबलं गेलं की दुसऱ्या तारेची नोट तयार, आणि पोटाचा दाब गेला की पहिली तार आपोआप गप्प, कारण बोट अजून तिला शिवून आहे. एका हालचालीत दोन्ही कामं. पुढे तिसऱ्या तारेकडे जातानाही तसंच, टोक नेहमी एक तार पुढे राहील असं बघ. दोन्ही तारा एकदम दाबून ठेवू नकोस मात्र, नाहीतर दोन स्वर एकत्र वाजून गेनवर किंचाळतात.

दुसरी ते तिसरी तार इथे बोट बदलतं, ८ वरून ७ वर. तिथे करंगळीऐवजी अनामिका घे. खरं तर ती जागा सगळ्यात सोपी आहे, कारण करंगळी दुसऱ्या तारेवर असतानाच अनामिका तिसऱ्या तारेवर जाऊन उभी राहू शकते. काही जण सगळीकडे अनामिकाच वापरतात, ८ ला सुद्धा, ओढ जोरकस येते हे खरं, पण मग ती सोपी जागा अवघड होते. हाताच्या आकारावर आहे, दोन्ही करून बघ.

अंगठा मानेच्या वरून थोडा डोकावला तरी या लिकला चालतं, उलट सहावी तार झाकायला मदत होते. तीन नोट पर स्ट्रिंगवाले लांब ताणाचे लिक करशील तेव्हा अंगठा मागे न्यावा लागेल.

फ्रेटझिजला

पिकच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही. माझं मत, या दिशेला सगळे अपस्ट्रोक.

कारण सांगतो. अपस्ट्रोक छताकडे जातो आणि पुढची तारही छताकडेच आहे. पहिल्या तारेतून पिक वर गेला की तो सरळ दुसऱ्या तारेवर येऊन टेकतो. तिथेच थांबायचं. डावा हात पुल-ऑफ करतोय तोवर पिक पुढच्या तारेवर तयार बसलेला, वर ती तार झाकलेलीही राहते. वेळ झाली की ढकलला, तिसऱ्या तारेवर टेकला. उडी कुठेच नाही. सगळे डाउनस्ट्रोक मारलेस तर दर वेळी पिक दोन तारा ओलांडून परत वर न्यावा लागतो, आणि खाली-वर आळीपाळीने केलंस तर एक स्ट्रोक सुखाचा आणि एक अडचणीचा. जाडकडून पातळकडे जाताना याच न्यायाने सगळे डाउनस्ट्रोक.

आणि उजव्या हाताच्या वेगाची काळजीच सोड. ११० ला बीटमागे चार म्हणजे मिनिटाला ४४० नोट, त्यातल्या पिकच्या निम्म्या, २२०, म्हणजे सेकंदाला चारही नाहीत. तेवढं तर साधं स्ट्रमिंग करताना हात हलतो. उजवा हात वेगामुळे चुकत नाही, उड्यांमुळे चुकतो.

लयवेडी

अपस्ट्रोकला एक तोटा, ठसा कमी येतो आणि पिक टेकून पुढे ढकलायच्या नादात हात घरंगळत जातो, लय पिक ठरवायला लागतो. रॉक-ब्लूजसारखं चावून वाजवायचं असेल तर मला डाउनस्ट्रोकच आवडतात, १०० च्या आत तरी.

फ्रेटझिजला

मान्य, १०० च्या आत कसंही वाजवा. त्याला वर जायचंय म्हणून सांगितलं.

ओढूनकोरे

उशिरा आलो. एक वेगळा रस्ता पण आहे, पुल-ऑफच करायचा नाही 😀 जॅझ-फ्यूजन गिटारवादक अॅलन होल्ड्सवर्थ बोट बाजूला ओढणं मुद्दाम टाळायचा, तार ओढल्यावर सुटताना स्वर जो किंचित वाकडा होतो तो त्याला नको असायचा. तो बोट सरळ वर उचलायचा आणि नव्या तारेवर पहिली नोटसुद्धा अनेकदा पिक न मारता नुसत्या डाव्या बोटाच्या ठोक्याने काढायचा. सगळ्या नोट एकसारख्या, पाण्यासारख्या वाहतात.

तुझ्यासाठी यातला उपयोगाचा भाग तो ठोका. उजवा हात तारांवर ब्रिजजवळ नुसता ठेवून दे आणि पूर्ण लिक एकट्या डाव्या हाताने वाजव. ८ वर करंगळी ठोकायची, ५ ला ओढायची, पुढच्या तारेवर परत ठोकायची. सुरुवातीला काही ऐकू येणार नाही. पण हे थोडं जमलं की पिक परत हातात घेतल्यावर डाव्या हाताकडे काम शिल्लकच राहत नाही. तर्जनी उशिरा येतेय का हेही लगेच कळतं, ठोका फुसका होतो.

सहावी_तार

हे छान आहे, पण सरळ उचलणं हे त्याच्या टोनवर, खाली बसवलेल्या तारांवर आणि त्याच्या हातांवर चालायचं. सरळ उचललं तर तारेला नवीन धक्का मिळत नाही, जे काही कंपन उरलंय त्यावर भागवायचं. क्लीनच्या जवळपास वाजवणाऱ्याने थोडं ओढावंच. डाव्या हाताचा सराव मात्र शंभर टक्के कर.

जुनीगिटार

गिटारचं पण बघा जरा. तारांची उंची जास्त असेल तर बाकी सगळं बरोबर करूनही पुल-ऑफ जडच जाणार. बाराव्या फ्रेटपाशी पहिल्या तारेखाली साधारण दीड मिलिमीटर आणि सहावीखाली दोन, इतपत असली तर लेगाटोला (पिक न मारता सलग वाजवायला) बरं पडतं, त्याहून फारच वर असेल तर सेटअप करून घे. तारा नऊ-बेचाळीसच्या आहेत का दहा-सेहेचाळीसच्या (सर्वांत पातळ आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) ते लिहिलं नाहीस. नऊचा सेट असेल तर आणखी पातळ करू नकोस, ओढताना स्वर चढा जातो. तो चढा जाण्याचं दुसरं कारण म्हणजे करंगळी ओढताना तर्जनीही तिच्याबरोबर जमिनीकडे ओढली जाते. तर्जनी जागेवर रोवलेली पाहिजे.

मनगटात किंवा कोपराखालच्या भागात दुखायला लागलं तर त्या दिवशी बंद. बोटाच्या टोकाला झोंबणं वेगळं, आतून दुखणं वेगळं.

पिकहरवला

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा-सेहेचाळीस आहेत, उंची मोजली तर पहिलीखाली अडीचच्या पुढे निघाली, म्हणजे तिथेही घोळ आहेच. तर्जनी लोळवणं सापडायला लागलंय, पहिली-दुसरी तार आता बऱ्यापैकी वाजते, अपस्ट्रोकने तर एकदम हलकं वाटलं. तिस्र अजून रडवतंय.

शेवटचा एक प्रश्न. हेच वरच्या बॉक्समध्ये, सतराव्या फ्रेटला नेलं की पहिली तार ओढताना फ्रेटच्या कडेवरून खाली घसरते आणि पूर्ण लिकच मरतो. हे माझ्या हाताचं की गिटारचं?

जुनीगिटार

दोन्ही असू शकतं. पहिल्या तारेच्या बाहेर फ्रेटवर किती जागा उरते ते बघ. फारच कमी असेल, किंवा फ्रेटच्या कडा जास्त उतरत्या घासलेल्या असतील, तर हात कितीही सुधारला तरी घसरणार. मान जरा एका बाजूला बसलेली असली तरी असं होतं, ते दुरुस्त करणाऱ्याला सहज जमतं, उंचीसाठी जाशीलच तेव्हा दाखव.

सहावी_तार

आणि हाताचं म्हणशील तर पहिल्या तारेपुरती दिशा बदल. बाकीच्या तारांवर ओढलेल्या बोटाला शेजारची तार अडवते, पहिलीच्या पलीकडे अडवायला काहीच नाही म्हणून ओढ लांबते. तिथे सरळ खाली न ओढता थोडं तळहाताकडे आणि वर, तिरकं सोड. काही जण पहिल्या तारेवर उलट छताकडे ढकलून सोडतात, तार घसरायचा प्रश्नच येत नाही आणि बोट आपसूक दुसऱ्या तारेकडे जातं, जिथे तुला जायचंच आहे. आवाज जरा कमी येतो. सतराव्या फ्रेटला वीसपर्यंतचा ताण तसाही कमी असतो, तेव्हा तिथे हा प्रकार आधी बसव, मग पाचव्याला आण.

पिकहरवला

छताकडे ढकलून बघतो आज. तिस्रचं रेकॉर्डिंग जमलं की इथेच टाकतो, @लयवेडी तुम्ही ऐकून सांगा कुठे घसरतंय.

लयवेडी

टाका. क्लीनवरचं टाका पण.